शेजार कुठवर?

जवळच्याची सेवा आधी की दूरच्याची, हा प्रश्न गांधीजींनी केव्हाच निकाली काढला, असं आमच्या वर्ध्यात पुष्कळांना वाटतं. १४ फेब्रुवारी १९१६ रोजी मद्रासला ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परिषदेत ते स्वदेशीवर बोलले. त्या भाषणात कापड नंतर येतं, आधी येतो धर्म. माणसाने लगतच्या परिसराचा आधार घ्यावा, त्याचीच सेवा करावी, दूरच्याची ओढ आवरावी. पुढे स्वदेशी आश्रमाच्या अकरा व्रतांत गेली. तिला त्यांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या स्वधर्माचा आधार दिला. शेजाऱ्याला टाकून जो दूरच्याकडे धावतो तो दोघांनाही अंतरतो. आणि शेजाऱ्याची सेवा मन लावून केली तर ती दूरच्यापर्यंत आपसूक पोचते, असं त्यांचं म्हणणं.

माझा थोरला भाऊ देवळी तालुक्यात शेती करतो. कापूस, तूर, थोडा हरभरा. त्याने हे भाषण वाचलेलं नाही. पण त्याच्या मुलीची जर्मनीतल्या एका श्रमछावणीसाठी निवड झाली तेव्हा तो बोलला ते नेमकं हेच होतं. "मेळघाटात लेकरं उपाशी हायेत, अन् आपली पोरगी जर्मनीले झाडू माराले चालली." भाची माझ्याकडे बघत होती, आत्या काहीतरी उत्तर देईल असं तिला वाटत होतं. दादाचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नव्हता, आजही नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. सिद्धता वाचताना आधी काय गृहीत धरलंय ते तपासायचं, ही सवय हाडीमाशी मुरली आहे. गांधीजींच्या युक्तिवादात आणि दादाच्या वाक्यात एकच गोष्ट गृहीत आहे: आपला शेजारी कोण, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. मी तिथेच अडते.

या श्रमछावण्यांचा उगम एका उद्ध्वस्त गावात आहे. पिएर सेरेसोल हा लोझानचा स्विस इंजिनिअर, १८७९चा जन्म. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, त्याने सैनिकी कर भरायला नकार दिला आणि तुरुंगात गेला. युद्ध संपल्यावर त्याला वाटलं, शांततेवर भाषणं पुष्कळ झाली. आता हातात फावडं घ्यावं. नोव्हेंबर १९२० मध्ये तो मूठभर सोबत्यांना घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या एन-आन-आर्गोन या गावी गेला. तोफगोळ्यांनी या गावाचा चिखल करून टाकला होता. या माणसांनी लाकडी घरं उभारली, खड्डे बुजवले, शेतं साफ केली. त्यांच्यात जर्मनही होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच मातीत फ्रेंच आणि जर्मन पोरं एकमेकांना मारत होती. अखेर जर्मनांच्या हातचं काम नको, ही भावना वरचढ ठरली आणि १९२१ च्या वसंतात छावणी मोडावी लागली. तिथल्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्याचं घर गेलं आहे त्याने क्षमा केव्हा करावी, हे बाहेरच्याने सांगू नये. पण तिथून एक रीत जन्माला आली: वेगवेगळ्या देशांतली माणसं, बहुतेक तरुण, दोन-तीन आठवडे एकत्र राहतात, बिनमोल राबतात, जेवणखाण आणि निवारा यजमानाचा, प्रवासखर्च ज्याचा त्याचा. काम गरजेचं हवं आणि त्याने कुणा मजुराची रोजी बुडू नये, ही अट पहिल्यापासून होती. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या नावाने ही संघटना आजही चालते.

सेरेसोलची आणि गांधीजींची भेट डिसेंबर १९३१ मध्ये झाली. गोलमेज परिषद आटोपून गांधीजी फ्रेंच लेखक रोमां रोलांकडे, जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हिलनवला उतरले होते. दोनच वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी, उत्तर बिहारमध्ये भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसं गेली. मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतिहारी या भागांत जमीन फाटून आतलं पाणी आणि वाळू वर आली, पिकाऊ शेतं वाळूखाली गेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांना हे मुळीच पटलं नाही. निसर्गाच्या घडामोडींना नीतीचं गणित लावणं म्हणजे लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी, असं त्यांनी कळवलं. गांधीजींनी तो निषेध 'हरिजन'मध्ये छापला आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. भूकंपात मेलेल्यांत किती अस्पृश्य असतील, आणि त्यांनी कुणाच्या पापाची शिक्षा भोगली, याचं उत्तर गांधीजींच्या विधानात सापडत नाही. पण त्या विधानाची एक बाजू मला सोडत नाही, तिच्याकडे पुढे येते.

त्याच वर्षी चौपन्न वर्षांचा सेरेसोल बिहारमध्ये दाखल झाला. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. ते भूकंपानंतर दोन दिवसांनी तुरुंगातून सुटले होते. वाळूने नद्यांची पात्रं वर आलेली, त्यामुळे जुन्या जागी गावं बांधली तर पहिल्याच पुरात जातील अशी स्थिती. म्हणून उंचवट्यावर नवी गावं वसवायची ठरली. मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या एका नव्या गावाचं नाव ठेवलं शांतिपूर. सेरेसोलबरोबर पॉल शेंकर हा स्विस होता, आणि जो विल्किन्सन व फ्रेझर हॉयलंड हे दोन इंग्रज. त्याच सुमाराची ही गोष्ट आहे. सविनय कायदेभंगाचे तुरुंग अजून रिकामे झाले नव्हते, आणि इंग्रज माणूस बिहारी मजुराच्या बरोबरीने मातीकाम करत होता.

आता स्वदेशीचं व्रत सांगणाऱ्याने या पाहुण्यांना परत का पाठवलं नाही? तुमचे शेजारी स्वित्झर्लंडमध्ये आहेत, तिकडे जा, असं का म्हटलं नाही? मला वाटतं याचं उत्तर सेरेसोलच्या धर्मग्रंथात आहे, आणि गांधीजी तो ग्रंथ मन लावून वाचणारे होते. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू त्याला गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेला एक माणूस. त्याच्याच धर्माचा पुरोहित येतो, बाजूने निघून जातो. देवळातला सेवक लेवी येतो, तोही जातो. मग येतो शोमरोनी, ज्यांच्याशी यहुदी लोक पाण्याचाही व्यवहार ठेवत नसत, तो. तो जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो, पुढच्या खर्चाचे पैसे देतो. गोष्ट संपवून येशू प्रश्न उलटा करतो: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला यादी हवी होती. अमुक माणसं माझी, अमुक नाहीत. ती त्याला मिळाली नाही. शेजार आधी ठरलेला नसतो, तो कुणीतरी करायचा असतो, आणि करणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो.

याचा पुरावा आमच्याच भागात आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी साधनाताईंसह, सहा महारोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केलं. बाबा काही परके नव्हते. वरोऱ्यातच वकिली केलेले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. शहर हाकेच्या अंतरावर. खडकाळ जमिनीत रुग्णांनी विहीर खणली, भाजी पिकवली, आणि बाजारात नेली तर घेईना कुणी. महारोग्याच्या हातची भाजी! मग १९५० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची देशोदेशीची तरुण मंडळी आनंदवनात येऊन राहिली. त्यांनी इमारती बांधल्या, रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, आणि त्यांच्याच हातची भाजी खाल्ली. आनंदवनाची कहाणी सांगणारे सगळेच सांगतात की वरोऱ्याचं भय त्यानंतर ओसरू लागलं. बघे आले, मग ग्राहक आले, मग मित्र. हजारो मैलांवरून आलेल्यांनी शेजारच्या गावाला शेजार दाखवला.

ही गोष्ट मी शाळेत अनेकदा सांगितली, आणि दर वेळी एक कळ उठत राहिली. वरोऱ्याच्या लोकांनी बाबांना मानलं नाही आणि गोऱ्या पाहुण्यांना मानलं, यात गुलामीची शे-दीडशे वर्षं बोलतात. गोरा खातो म्हणजे खाण्यात धोका नसावा! पाहुणे आफ्रिकेतले असते तर इतका फरक पडला असता का, मला शंका आहे. तरीही ती भाजी विकली गेली ते चांगलंच झालं. चांगली गोष्ट कधी अशुद्ध कारणाने घडते. म्हणून ती घडू नये असं म्हणणं रुग्णांवर अन्याय आहे. मात्र त्या कारणाकडे डोळेझाक करून आंतरराष्ट्रीय मैत्रीचे पोवाडे गाणं मला जमत नाही.

साऱ्या पृथ्वीला कुटुंब म्हणणारा संस्कृत श्लोक आपण प्रत्येक परिषदेच्या फलकावर रंगवतो. तो महोपनिषदात आहे तसाच हितोपदेशातही आहे, आणि हितोपदेशात तो कोण म्हणतं हे फार जण पाहत नाहीत. तिथे तो कोल्ह्याच्या तोंडी आहे. त्याला हरणाच्या घरात शिरायचंय, कारण त्याला हरिण खायचंय. अनोळखी माणसाला लगेच घरात घेऊ नये असं कावळा सांगतो, तेव्हा कोल्हा हा उदार श्लोक फेकतो. नारायण पंडितांनी हे मुद्दाम केलं आहे, असं मी मानते. विश्वकुटुंबाची भाषा बोलणारा कोण आहे, कशासाठी बोलतो, हे बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही.

कोल्हे आजही आहेत. कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी स्वयंसेवकांच्या पैशावर अनाथालयं चालली आणि त्यांत आईबाप जिवंत असलेली मुलं भरली गेली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पंधरा दिवस मुलांना कुरवाळायचं, फोटो काढायचे आणि निघून जायचं. मूल प्रत्येक पाहुण्यामागे पुन्हा पुन्हा पोरकं होतं. दादाचा संशय अशा ठिकाणी शंभर टक्के खरा आहे.

मग कोल्हा आणि शोमरोनी यांत फरक कसा करायचा? मी गीतेकडे जाते. आमच्या घरी विनोबांची 'गीताई' रोज वाचली जायची. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण आहे: जो परतफेड करू शकत नाही त्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी दिलेलं दान. यावर आपला सारा दानधर्म उभा आहे, आणि यातच मला धोका दिसतो. परतफेडीची अपेक्षा नको हे देणाऱ्याच्या मनाबद्दल खरं आहे. पण घेणाऱ्याला परत देण्याची वाटच ठेवली नाही तर तो कायमचा घेणारा होतो, आणि देणारा कायमचा मोठा. तिसऱ्या अध्यायात, स्वधर्माच्या त्या श्लोकाच्या किती तरी आधी, वेगळी कल्पना येते: देवांना माणसांनी पोसावं, देवांनी माणसांना, आणि असं एकमेकांना पोसत दोघांनीही कल्याण साधावं. देवांनाही फुकट मोठेपण दिलेलं नाही! गांधीजींनी ज्या अध्यायातून शेजारधर्म काढला त्याच अध्यायात दूरच्याशी देवाणघेवाणीचा धर्मही आहे. वारीत दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, शिक्षण काही आड येत नाही. पाहुणा आणि यजमान यांच्यात असं दुहेरी वाकणं असेल तर ती देवाणघेवाण. एकच वाकत असेल तर ते दान, आणि पुष्कळदा दानही नाही.

या कसोटीला आजची जगाची व्यवस्था उतरत नाही. जर्मनीतल्या वीस वर्षांच्या मुलाला भारतात यायचं असेल तर व्हिसाचा अर्ज तो घरबसल्या संगणकावर करतो. माझ्या भाचीने बोटांचे ठसे दिले, बापाचं बँकेचं खातं दाखवलं, विमा काढला, परत येईनच याचे कागद जोडले. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. कापूस उत्पादकाच्या बँकखात्यात वर्षातले किती महिने शिल्लक असते हे सांगायची गरज नाही. अशा अटींमुळे तिकडचे तरुण इकडे येतात आणि इकडचे, विशेषतः गावातले, तिकडे पोचत नाहीत. मग तिकडचा मुलगा आयुष्यभर देणाराच राहतो आणि आपण घेणारे. दादाला मी हेच सांगितलं: पोरीला जाऊ दे, कारण आपल्यालाही कुणाच्या तरी दारी जाऊन राबता यायला हवं. ज्यांनी वरोऱ्यात विटा वाहिल्या त्यांच्या नातवंडांच्या गावात आपल्या मुलीने झाडू मारला तर त्यात कमीपणा कसला?

दादा म्हणाला, "तुले बोलता येते म्हणून." पण पैशाची सोय त्यानेच केली.

छावणी एका नाझी छळछावणीच्या स्मारकाच्या आवारात होती. जर्मनीत अशा ठिकाणी दर उन्हाळ्यात देशोदेशीचे तरुण देखभालीचं काम करतात. जुन्या पायांवर वाढलेलं गवत आणि झुडपं काढायची, वाटा मोकळ्या करायच्या, दुपारनंतर कागदपत्रं बघायची, बोलायचं. भाची सांगत होती, जर्मन मुलं तिथे फार हळू बोलत. आपल्या आजोबा-पणजोबांचं पाप परक्यांसमोर उघडं ठेवून, तेच साफ करायला परक्यांना हाताशी घेणं, याला केवढी ताकद लागत असेल. एन-आन-आर्गोनमधून ज्यांना जावं लागलं, त्यांच्याच देशात शंभर वर्षांनी ही छावणी भरते.

एका संध्याकाळी एका मुलीने भाचीला सहज विचारलं, तुमच्याकडे अशी कोणती जागा आहे, जिची लाज वाटते आणि जी तुम्ही जपता? भाची अडखळली. तिला आठवलं ते आमच्या गावातलं दुसरं स्मशान.

आमच्या गावात दोन स्मशानं आहेत. एक नदीकडे, शेड असलेलं, सिमेंटचा ओटा असलेलं. दुसरं वस्तीमागे, नाल्याच्या कडेला. पावसाळ्यात तिथवर प्रेत नेणं म्हणजे गुडघाभर चिखल. कुणाचं कुठलं, हे सांगायला लागत नाही. मी त्या गावात वाढले, दादा तिथेच राहतो, भाची तिथेच जन्मली. आम्ही तिघांनी ते रोज पाहिलं आहे. बिहारच्या भूकंपावर गांधीजींनी चुकीचं कारण लावलं असेल, पण त्या विधानाची जी बाजू मला सोडत नाही ती ही: दूर कुठे जमीन हलली तरी त्यांची नजर आपल्याच दारच्या पापाकडे गेली.

भाचीने परत आल्यावर दादाला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाबा, आपल्या गावात दोन स्मशानं का?" दादा गप्प राहिला. मेळघाटाची आठवण त्यानेच करून दिली होती. मेळघाट आमच्या गावाहून कितीतरी दूर आहे, आणि वस्तीमागचा नाला चालत दहा मिनिटांवर. तो मेळघाटाला कधी गेला नाही, आणि नाल्याकडेही क्वचितच. हे मी त्याला टोमणा म्हणून सांगत नाही. तो कष्टाळू, नेक माणूस आहे, आणि कर्जाचे हप्ते चुकू नयेत म्हणून रात्री पाणी द्यायला शेतात जातो. पण शेजार अंतराने मोजायचा असेल तर नाला सगळ्यात जवळ होता.

या हिवाळ्यात त्या छावणीतले काही तरुण भारतात यायचं म्हणताहेत, आमच्या गावात आठवडाभर. दादाला वाटलं, नाल्याकडचा रस्ता त्यांच्या हातून करून घ्यावा. मुरूम टाकू, दगड लावू. चांगला विचार होता. मी हरकत घेतली. परक्यांनी येऊन रस्ता केला तर दोन स्मशानं तशीच राहतील, उलट दुसऱ्याची सोय झाली म्हणून ती पक्की होतील. भाचीने तोवर वस्तीत जाऊन विचारलं होतं, जे आम्ही दोघांनी केलं नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या बायांनी रस्ता मागितला नाही. त्या म्हणाल्या, नदीकडचा ओटा सगळ्यांचा होऊ द्या.

हे काम फावड्याने होणार नाही. ते ग्रामसभेत ठरायला हवं, आणि आमच्या गावातले काही जण विरोधात उभे राहतील. त्यांतले दोघे आमच्याच भावकीतले आहेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडायला दादा तयार झाला आहे. पाहुण्यांना त्याने फेब्रुवारीत बोलावलं आहे, आणि तोपर्यंत ठराव झाला नाही तर तो का झाला नाही हे त्यांना सभेतल्या माणसांनीच सांगावं, अशी त्याची अट आहे.